पांढऱ्या चिंधीचे वाफे

कळसला माझ्या आत्याला, कुशाबाईला, लग्नाचं आवतण येतं ते जेवायचं नव्हे, वाढायचं. आचारी कोण आणि मांडव कुठला हे मागून ठरतं. "कुशाबाईला सांगितलंय का?" हे आधी विचारतात. ती पंगतीच्या शेपटाकडून वाढत येते. बाकीचे वाढपी मानकऱ्यांच्या टोकापासून सुरुवात करतात. ही बुंदीची बादली घेऊन थेट शेवटच्या पानापाशी जाते, जिथे उशिरा आलेली, कडेवर पोर असलेली, कुणाच्या ओळखीची नसलेली माणसं बसलेली असतात.

याचं कारण तिने मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता. माहेरी, वडगाव निंबाळकरला, आठ वर्षांची असताना ती एका लग्नात पंगतीच्या टोकाला बसली होती. बुंदी तिच्या अलीकडे तीन पानांवर संपली. वाढपी बादलीत पळी वाजवत म्हणाला, "आणतो हं." तो परत आलाच नाही.

"रडले न्हाय मी," आत्या म्हणाली. "पण त्या रिकाम्या बादलीचा आवाज अजून कानात हाय."

पुढे जे झालं ते तिच्या रानात झालं, पण मला ते या बादलीपासूनच सांगावं लागतं.

मी तेव्हा बारामतीला मराठीत एम. ए. करत होते. माझ्याच खोलीत राहणारी प्रगती शेतीच्या कॉलेजात शिकत होती. टोमॅटोची लागवड कधी करावी आणि खत किती द्यावं, यावर तिचा अभ्यास होता. कॉलेजच्या काळ्या रानात तिचे वाफे होतेच, पण एखाद्या शेतकऱ्याच्या मुरमाड जमिनीतही तेच करून बघायचं होतं. मी आत्याचं नाव सुचवलं. आत्यालाही ते हवंच होतं, कारण तिच्या बचत गटातल्या दहा जणींचं दरवर्षी यावरूनच भांडण व्हायचं. दहाही जणी दहा-पंधरा गुंठे टोमॅटो करायच्या. रोपवाटिकेचा टेंपो कळसला वर्षातून एकदाच यायचा, एकाच तारखेला, म्हणून दहा जणींचं एकमत लागायचं. दसऱ्याला लावलं तर एका वर्षी परतीच्या पावसाने रोपं कुजली. दुसऱ्या वर्षी उशिरा लावलं, तर फुलं फाल्गुनातल्या उन्हात गळून गेली. खताचंही तसंच. एकीचं पीक दोन गोण्यांनी आलं, दुसरीचं त्याच दोन गोण्यांनी नुसतं पाल्यावर गेलं. नेमकं काय चुकलं ते कुणालाच सांगता येईना.

"एकदा नीट बघूनच घेऊ," आत्या म्हणाली आणि तिने दोन गुंठे दिले.

प्रगतीने नऊ वाफे आखले, प्रत्येकात पन्नास रोपं. तीन वाफ्यांची लागवड दसऱ्याला, तीनची दिवाळी झाल्यावर, उरलेल्या तीनची चंपाषष्ठीला. प्रत्येक वाफ्याच्या डोक्याशी एक काठी आणि काठीला चिंधी, दर तारखेच्या तीन वाफ्यांना तीन रंगांची.

"लाल चिंधीला पूर्ण खत," तिने समजावलं. "पिवळीला निम्मं. आणि पांढरीला काहीच नाही."

"काहीच न्हाय म्हंजे?"

"काहीच नाही, काकू. फक्त ठिबकचं पाणी."

"त्यांनी काय पाप केलंय?"

प्रगती हसली. "पाप नाही हो. त्यांना दिलं नाही, तर दिल्याने किती फरक पडतो ते कळेल ना."

आत्याने काठ्यांकडे बघितलं. "म्हंजे एकाला उपाशी ठिवून दुसऱ्याच्या पोटाचं माप घ्यायचं."

प्रगतीने हे वाक्य वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. आपल्या सरांनीही इतकं नीट सांगितलं नव्हतं, असं ती परतीच्या एसटीत म्हणाली. भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला होता आणि आम्ही दोघी खूश होतो.

खताची पुडकी प्रगतीने तोलून, वर वाफ्याचा नंबर लिहून दिली होती. ती आत्याच्या यजमानांनी, आबासाहेबांनी, लोखंडी पेटीत ठेवली. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा कमी बोलतात. ठरलेल्या दिवशी पुडकं फोडून खत देणं हे त्यांचं काम. दर रविवारी कळसला जाऊन रोपांची उंची, फुलं आणि पुढे तोड्याचं वजन वहीत लिहिणं हे माझं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी जरा लवकर पोचले. घरात कुणी नव्हतं. रानात गेले तर आत्या पांढऱ्या चिंधीच्या वाफ्यात वाकलेली. हातात मग, शेजारी बादली. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन चार दिवस मुरवलेल्या जीवामृताचा वास बांधावरच आला. ती वाफ्याच्या शेपटाकडून सुरुवात करून एकेका रोपाच्या बुडाशी मगभर ओतत काठीकडे येत होती.

"आत्या!"

ती दचकली नाही. हातातला मग तिने पुरा रिकामा केला.

"बघ की जरा त्यांच्याकडं," ती म्हणाली. शेजारच्या लाल चिंधीची रोपं पोटरीपर्यंत आली होती, काळपट हिरवी. मधली पिवळ्या चिंधीची जरा कमी. आणि ही फिकी, खालची पानं पिवळी पडलेली, एका वितीवर थांबलेली. "एका ओळीत बसवलीत. ह्यांच्या म्होरनं बादली घेऊन जायाचं आन् शेजारच्याच्या पानात वाढायचं. पंक्तिप्रपंच हाय ह्यो. माझ्याच्यानं व्हायाचं न्हाय."

"पण प्रगतीचं..."

"तिनं खत देऊ नगा म्हणलंय. ह्ये काय पोत्यातलं खत हाय व्हय? ह्ये आपलं शेणामुताचं पाणी." मग आवाज खाली आणून, "एकडाव दिलं. पुन्यांदा न्हाय. तू काय बोलू नगंस तिला."

मी बोलले नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. खोलीवर प्रगती झोपण्याआधी माझ्या वहीतले आकडे संगणकात भरायची आणि मी तिच्याकडे पाठ करून पुस्तक उघडून बसायची. एका मगाने काय होणार, असं मला वाटायचं. आणि लगेच वाटायचं, काहीच होणार नसेल तर आत्याने ओतला कशाला?

डिसेंबरच्या शेवटाला पहिला तोडा झाला. दसऱ्याच्या लाल वाफ्याने भरपूर दिलं, ते अपेक्षेप्रमाणेच होतं. दसऱ्याचा पांढरा वाफाही फारसा मागे नव्हता. प्रगतीने भुवया उंचावल्या. मग दिवाळीनंतरची लागवड तोडायला आली, आणि वजनकाट्यावर क्रेट ठेवता ठेवता माझेच हात थांबले. त्या तीन वाफ्यांतला पांढरा सगळ्यांच्या पुढे निघाला होता. फळं घट्ट, एकसारखी, बुडापर्यंत लाल. शेजारचा पूर्ण खताचा वाफा त्याच्या मागे. चंपाषष्ठीच्या लागवडीचं तर काहीच खरं नव्हतं. तिन्ही वाफे उन्हात सापडले, पानं वळली, फुलं गळाली. पण त्यातही पांढरी चिंधी लालच्या पुढे.

एप्रिलमध्ये शेवटचा तोडा झाला तेव्हा बेरीज अशी होती: दिवाळीचा पांढरा एकशे बारा किलो, दसऱ्याचा लाल एकशे चार. बाकी सगळे त्यांच्या खाली.

"असं कसं होईल?" प्रगती वही उलटसुलट करत म्हणाली. "तू नंबर उलटे तर लिहिले नाहीस ना?"

"नाही."

"नक्की?"

नंबरांची मला खात्री होती. बाकी कशाची नव्हती. आत्याने एकदाच दिलं होतं, असं ती म्हणाली होती. तेही दसऱ्याच्या वाफ्यात. मग दिवाळीचा वाफा एवढा पुढे कसा?

प्रगतीने माती तपासायला पाठवली. अहवाल आला तो साधासुधा, कुठल्याही मुरमाड रानाचा असतो तसा. तिचे सर म्हणाले, काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते त्यांनाही सांगता येईना. ती रोज नवं कारण शोधायची. ठिबकची नळी तिथे जास्त गळत असेल, आधीच्या पिकाचा बेवड असेल, बांधाच्या बाभळीची सावली असेल. मी सगळ्याला मान हलवायची.

कळसला मात्र कुणी गोंधळलेलं नव्हतं. तिथे निकाल लागला होता. गटातल्या ठमाबाई वयाने सगळ्यांत मोठ्या आणि तोंडाने सगळ्यांत तिखट. त्यांनी वजनाचा कागद मोबाइलवर सगळ्यांना पाठवून दिला होता. दिवाळी झाल्यावर लावायचं, आणि खताची गोणी आणायचीच नाही.

"इतकी वर्सं दुकानदाराची घरं भरली आमी," त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. "कुशीच्या रानात दिसलं की डोळ्यांनी. आन् कुशी खोटं दावायची न्हाय. तिच्या हाताला दुजाभाव म्हायीत न्हाय."

हे ऐकलं की आत्या काहीतरी शोधायला घरात निघून जायची.

रोपवाटिकेला रोपं सांगायची तारीख गौरी गेल्यावर दोन दिवसांनी होती. त्या दुपारी दहा जणी आत्याच्या ओसरीत जमल्या. प्रगतीलाही बोलावलं होतं. मामा दाराशी बाजेवर बसले होते. शेजारच्या बांधावरच्या सायराबानू गटात नव्हत्या, त्यांच्याकडे शेरडं होती आणि थोडी मेथी-कोथिंबीर. पण आत्याच्या घरात काही असलं की त्या असायच्याच. कागद फिरायला लागला. नाव, रोपं किती, तारीख. तारखेच्या खाली सगळ्या दिवाळीनंतरची लिहीत होत्या आणि खताच्या रकान्यात रेघ ओढत होत्या.

प्रगती म्हणाली, "एका वर्षाच्या, एका वाफ्यावरून इतकं ठरवू नका हो. मलाच अजून कळलेलं नाही."

"तुला न्हाय कळलं, आमाला कळलं," ठमाबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

कागद आत्याच्या हातात आला. तिने पेन उघडलं. पुन्हा झाकण लावलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिला वाटेल मी काही सुचवतेय, अशी भीती मला वाटली.

"थांबा जरा," आत्या म्हणाली. "पांढऱ्या वाफ्याला मी दिलंय."

"काय दिलंय?"

"जीवामृत. दसऱ्याच्या वाफ्याला एकदा दिलं, म्हणलं बास. मग दिवाळीचा तसाच फिका पडाया लागला. आता एकाला दिऊन दुसऱ्याला न्हाय म्हणलं तर त्यो बी पंक्तिप्रपंच. म्हणून त्याला. मग चंपाषष्ठीच्याला." ती कागदाची घडी करत होती, उलगडत होती. "किती डाव दिलं ते मोजलं न्हाय. आयतवारी पोरगी यायची, तेवढा वार सोडून."

प्रगतीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, तेव्हा मलाही हे माहीत होतं ते तिला कळलं.

"कुशे," ठमाबाई म्हणाल्या. "अगं, आमी धा जणी तुझ्या त्या वाफ्यावर..."

"म्हणूनच सांगतीया. तुमी बिनखताचं लावाल आन् माझ्यामुळं सगळ्यांचंच रान वाया जाईल."

तेवढ्यात बाजेवरून मामा खाकरले.

"तिचं एकटीचं न्हाय," ते म्हणाले.

आत्याने वळून बघितलं.

"पुडकी मी फोडायचो. लाल चिंधीचं पुडकं लई मोठं. पांढऱ्याला पुडकंच न्हाय. मग दर टायमाला लालमधली एक मूठ काढून..." त्यांनी हाताने पेरल्यासारखं केलं. "भरल्या ताटातलं थोडं काढलं तर त्याला काय कमी पडतंय?"

"आन् मला बोलला न्हाय तुमी!"

"तू मला बोललीस व्हय?"

कुणीतरी हसू दाबलं. प्रगतीने कपाळाला हात लावला होता. आणि मग उंबऱ्यापाशी बसलेल्या सायराबानूंनी पदर सारखा केला.

"कुशाक्का, आता माझं बी ऐकून घ्या. दिवाळीचा त्यो पांढरा वाफा माझ्या बांधाला लागून. रोज शेरडं घेऊन जाताना दिसायचा. मला वाटलं, घरच्यांनी टाकून दिलाय त्याला. दोन पाट्या लेंडीखत टाकलं मी. चांगलं कुजल्यालं." थोडं थांबून, "तीन पाट्या आसत्याल."

आता कुणालाच हसू आवरेना. आत्याही हसली, आणि हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला. ज्याला काहीच द्यायचं नाही असं ठरलं होतं, त्याला तिघांनी, एकमेकांपासून लपवून, पोटभर वाढलं होतं. आणि ज्याला पूर्ण द्यायचं, त्याच्या ताटातून काढून घेतलं होतं.

प्रगती हसत नव्हती. तिने पिशवीतून वही काढली आणि वाफ्यांचा नकाशा उघडला. पांढऱ्या तिन्ही वाफ्यांवर काट मारली. लाल तिन्हींवर मारली. मग पेन थांबलं.

"पिवळ्या चिंधीला कोणी काय दिलं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आत्याने मान हलवली. मामांनीही. सायराबानू म्हणाल्या, "त्येच्याकडं लक्षच गेलं न्हाय."

"अर्ध्या पोटी असणाऱ्याकडं कोण बघतंय?" ठमाबाई म्हणाल्या.

यावर मात्र कुणी हसलं नाही.

प्रगतीने ते तीन आकडे मोठ्याने वाचले. निम्म्या खताचे तीन वाफे, तेवढे खरे. दसऱ्याचा शहाण्णव किलो, दिवाळीनंतरचा एक्क्याण्णव, चंपाषष्ठीचा बावन्न.

"म्हणजे चंपाषष्ठीपर्यंत थांबायचं नाही, एवढं म्हणता येईल," ती सावकाश म्हणाली. "दसरा की दिवाळी, ते नाही सांगता येत. पाच किलोचा फरक कशानेही पडतो. आणि खताचं मला काहीच माहीत नाही. बिनखताचं येतं असं तर अजिबात म्हणता येत नाही."

"मग टेंपो कवा बोलवायचा?"

"मला माहीत नाही, ठमाआजी."

"एक वरीस अब्यास केला, आन् म्हायीत न्हाय!"

"आमीच कुठं करू दिला तिला," आत्या म्हणाली.

शेवटी कागद नव्याने लिहिला. दसरा आणि दिवाळीच्या मधली तारीख धरली. ती बरोबर होती म्हणून नव्हे, तर तिच्यावर कुणाचंच भांडण झालं नाही म्हणून. खताचा रकाना मागच्या वर्षीसारखाच भरला. जाताना ठमाबाई आत्याशी बोलल्या नाहीत. फाटकापाशी जाऊन मात्र वळल्या, "माझ्या नातीच्या लग्नाला वाढाया ये. तितं तुझा हात चालंल," म्हणाल्या. टोमणा होता की आवतण, ते आत्याला कळलं नाही. मलाही नाही.

एसटीत प्रगती खिडकीबाहेर बघत होती. भवानीनगर गेल्यावर म्हणाली, "माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण गेलं."

"मला सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. खोलीत आल्यावर तिने चहा केला, दोन कपांत ओतला आणि माझा कप माझ्यासमोर ठेवला. मग मागच्या पानावर लिहिलेलं ते आत्याचं वाक्य काढून बघत बसली.

त्या दसऱ्याच्या आधी आत्याने तिला स्वतःहून फोन केला. दोन गुंठे पुन्हा देते म्हणाली. तिची एकच मागणी होती, पांढऱ्या चिंधीचे वाफे वेगळे, लांब कुठेतरी करा.

"त्यांना पंगतीत बसवू नगा. नदरंला पडलं न्हाय तर हात जायाचा न्हाय."

"काकू, एकाच ओळीत पाहिजेत," प्रगती म्हणाली. "तीच माती, तेच ऊन. नाहीतर कशाशी ताडून बघणार?"

"बरं," आत्या म्हणाली.

या वेळी खताच्या पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली सायराबानूंच्या कमरेला गेली. सायराबानूंची लेंडी मामांनी रानाच्या दुसऱ्या टोकाला ओढ्याशी नेऊन टाकली. जीवामृताचं पिंप रिकामं करून आत्याने पालथं घातलं आणि तो मग मला देऊन टाकला. "ने बारामतीला. हितं दिसला की हात शिवशिवतो." तो आमच्या खोलीत आहे. प्रगती त्यात पेनं ठेवते.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी मोबाइलवर आत्याने फोटो पाठवला, खाली काही लिहिलेलं नव्हतं. पांढऱ्या चिंधीची काठी, तिच्याशी पन्नास रोपं, फिकी, खालची पानं पिवळी. कडेला तिची स्वतःची वाकलेली सावली. मी फोटो मोठा करून रोपांच्या बुडाशी बघितलं. माती ओली दिसत होती. ही ओल ठिबकची की कशाची, ते बघून कळत नव्हतं. मी फोन लावला.

"आत्या, वाफा ओला दिसतोय."

"ठिबक चालू हाय." मग तिला माझा प्रश्न कळला. "न्हाय गं. हात लावला न्हाय. शप्पत."

"बरं."

"त्याच्या म्होरनं जायाचं टाळते. ओढ्याच्या अंगानं वळसा घालून जाते. पण आज गेले. म्हणलं, एकडाव बघून तरी यावं." ती थांबली. मागे शेळ्या ओरडत होत्या, सायराबानू कुणाला तरी हाका मारत होत्या. "ह्या टायमाला कळंल न्हवं? कवा लावायचं, किती घालायचं?"

मी प्रगतीकडे बघितलं. तिने ऐकलं होतं. ती मान हलवत होती, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला नीट कळलं नाही.

"कळेल, आत्या. बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली, आणि फोन चालूच ठेवला.